बॅन्शीची बाटली

बॅन्शी विकत घेतली तेव्हा तिला कूलंटची बाटली नव्हती. रेडिएटरच्या गळ्यातून निघालेली बारीक रबरी नळी फ्रेमला झिप टायने बांधत खाली आणली होती आणि तिचं तोंड जमिनीकडे उघडं सोडलं होतं. विकणारा मुलगा एल कहोनचा, पंचविशीतला. नवे टायर, नवी साखळी, बदललेले सायलेन्सर असं सगळं सांगताना त्याच दमात त्याने बाटली काढल्याचंही सांगितलं. सगळेच काढतात म्हणाला, तिचं काही काम नसतं, उगाच वजन. सॅन दिएगोच्या परिसरात एटीव्ही चालवणाऱ्यांकडून हे मी नंतर पुष्कळदा ऐकलं. कोणी ती पडून फुटली म्हणून काढलेली असते, कोणी पुढचा बंपर बसवताना आड आली म्हणून, तर कोणाला चकचकीत गाडीवर ती पिवळी पडलेली प्लॅस्टिकची वस्तू बरी दिसत नाही म्हणून. प्रश्न छोटा आहे. पण मी त्याच्या मागे बराच लागलो, आणि आता माझं मत पक्कं आहे: ज्या गाडीला कंपनीने बाटली दिली आहे, तिची बाटली काढू नये.

बॅन्शी ही यामाहाची चार चाकी एटीव्ही. अमेरिकेत ती १९८७ ते २००६ या काळात मिळायची. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि सुरू करायला फक्त किक. इंजिन ३४७ सीसीचं, बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. हे आकडे मला गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते. कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या मामांचं गॅरेज होतं आणि तिथे राजदूत ३५० मोटरसायकली दुरुस्तीला यायच्या. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली ती यामाहाची आरडी. तिचं मापही हेच, ६४ बाय ५४. आरडीचं इंजिन हवेवर थंड व्हायचं, सिलिंडरला नुसत्या पात्या. पण यामाहाने १९८० सालीच त्याच मापाचं, पाण्याने थंड होणारं इंजिन घातलेली आरडी ३५० एलसी परदेशात आणली होती. तिच्यामागून आरझेड ३५० आली, आणि त्याच घराण्यातलं इंजिन चार चाकांवर बसवलं ती ही बॅन्शी. मामांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच गाडीचा आवाज ऐकवायला लावला. "म्हंजे आपल्या आरडीचीच भैन की रं ही," म्हणाले.

आम्ही गाड्या चालवतो ते ग्लॅमिसला. सॅन दिएगोहून इंटरस्टेट ८ ने पूर्वेला निघालं की रस्ता आधी चार हजार फुटांवर चढतो आणि मग उतरत उतरत इम्पिरियल खोऱ्यात समुद्रसपाटीच्याही खाली जातो. खोरं ओलांडलं की वाळूच्या टेकड्यांचा चाळीसेक मैल लांबीचा पट्टा लागतो, इम्पिरियल सँड ड्यून्स. काही टेकड्या तीनशे फूट उंच आहेत. जमीन केंद्र सरकारची, देखरेख ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. प्रत्येक गाडीला जमिनीपासून आठ फूट उंच पोचणारी काठी आणि तिच्या टोकाला झेंडा लावावाच लागतो, कारण टेकडीच्या पलीकडून चढून येणारी गाडी दिसत नाही, झेंडा आधी दिसतो. मोसम हिवाळ्याचा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिथे लाखावर माणसं तंबू आणि ट्रेलर घेऊन उतरतात.

वाळू इंजिनाला सवड देत नाही. डांबरी रस्त्यावर गाडी वेगात आली की इंजिनावरचा भार हलका होतो. वाळूत थ्रॉटल सोडला की गाडी रुतते, म्हणून चढणीवर तो पूर्ण उघडाच ठेवावा लागतो. मागच्या चाकांचे पॅडल टायर वाळू मागे फेकत राहतात, इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत असतं आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने कमी असतो, म्हणजे रेडिएटरमधून जाणारा वाराही कमी. त्यात बॅन्शीला पंखा नाही. तापमान दाखवणारा काटाही नाही, दिवाही नाही. ग्लॅमिसमध्ये ओल्ड्समोबिल हिल नावाची एक मोठी चढण आहे. ती चढून माथ्यावर गेलं की सगळे थांबतात, हेल्मेट काढतात, खालून येणाऱ्यांना बघत बसतात. मीही थांबलो, इंजिन बंद केलं. मिनिटभराने रेडिएटरमध्ये गुरगुर झाली आणि नळीच्या तोंडातून हिरवं पाणी वाळूत पडायला लागलं.

बंद केल्यावर हे होतं, चालू असताना नाही, याचं नवल वाटण्यासारखं आहे. पण कारण सरळ आहे. इंजिन थांबलं की पाण्याचा पंपही थांबतो. हेड आणि सिलिंडरच्या धातूत मुरलेली उष्णता तशीच असते आणि ती आता जागच्या जागी उभ्या असलेल्या पाण्याला तापवते. पाणी फुगतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असं मिश्रण तीस अंशांवरून शंभर अंशांवर गेलं की दर लिटरमागे साधारण चाळीस मिलिलिटरने वाढतं. भरगच्च भरलेल्या रेडिएटरमध्ये तेवढी जागा नसते. दाब वाढत जातो आणि झाकणाच्या स्प्रिंगचा दाब ओलांडला की, आमच्यासारख्या गाड्यांत तो १.१ बारच्या आसपास असतो, झडप उचलली जाते आणि जास्तीचं पाणी नळीतून बाहेर पडतं.

शेजारी माझ्याबरोबर आला होता. तो नौदलातून निवृत्त झालेला, तरुणपणी वाळवंटातल्या मोटरसायकल शर्यतींत धावलेला माणूस. त्याने वाळूतल्या ओलाव्याकडे पाहिलं आणि सांगितलं की काळजी करू नकोस, गाडी आपली पातळी आपण शोधते. पहिल्यांदा जेवढं जास्तीचं असेल तेवढं टाकेल, मग टाकायची थांबेल. त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते खरं आहे. मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींना कारखान्यातूनच बाटली नसते, एक नळी तेवढी खाली सोडलेली असते. एकदा चाळीस-पन्नास मिली बाहेर गेलं की गार झाल्यावर तेवढी हवा रेडिएटरच्या वरच्या भागात शिरते. पुढच्या वेळी पाणी फुगलं की ती हवा दबते आणि पाण्याला जागा मिळते. शर्यतवाले म्हणूनच रेडिएटर गळ्यापर्यंत भरत नाहीत.

पण हे गणित जमतं ते गाडी रोज सारखीच तापत असेल तर. माझ्या गाडीची पातळी जी एकदा ठरली ती तिथे राहिली नाही. निवांत फिरलेल्या दिवशी दुसऱ्या सकाळी झाकण उघडावं तर पाणी कालच्याच जागी. उन्हाच्या दुपारी चार मोठ्या चढणी केल्या की सकाळी रेडिएटरच्या आतल्या नळ्यांची टोकं उघडी पडलेली. मी वरून भरायचो. भरलं की पुन्हा कधीतरी बाहेर. आणखी एक गोष्ट दिसली ती मला जास्त खटकली. झाकणाखाली गळ्याच्या आतल्या कडेला अगदी बारीक वाळूची रेघ होती. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं आणि नळीच्या तोंडाशी जे असेल ते आत ओढतं. तिथे बाटलीतलं पाणी असायला हवं होतं. माझ्या गाडीच्या नळीच्या तोंडाशी ग्लॅमिसची पिठासारखी वाळू होती. पंपाच्या सीलपर्यंत ती पोचली तर काय होईल हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

कोल्हापूरला फोन केला. मामांचं गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो, पण मामा रोज सकाळी जाऊन खुर्ची टाकून बसतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाटलीचा नव्हता.

"रातभर गार झाल्यावर पाणी परत आत जातंय का? ते बघितलंस?"

"बाटलीच नाही मामा, तर परत कुठून जाईल?"

"आरं मग लाव की कसली बी. पाण्याची बाटली लाव. नळी तळाला बुडव आणि पेनानं रेघ मार. दूध उतू गेलं तर परत भांड्यात येत न्हाई. हितं येतंय. मग वतून टाकायचं कशापायी?"

मामांनी हे पुस्तकातून शिकलेलं नाही. त्यांची निम्मी हयात आंबा घाटात तापून आलेल्या गाड्यांवर गेली. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणाऱ्या अँबेसेडर आणि पद्मिनी घाटात उकळायच्या, कारण त्या गाड्यांच्या रेडिएटरमधून गेलेलं पाणी गेलंच. ड्रायव्हर डिकीत पाण्याचा डबा ठेवायचे आणि झऱ्याचं, विहिरीचं, मिळेल ते पाणी ओतायचे. त्याच्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजायच्या आणि गाडी आणखी तापायची. घाईत गरम झाकण उघडून हात आणि तोंड भाजून घेतलेली माणसं मामांनी स्वतः दवाखान्यात नेली आहेत. मग मारुती ८०० आली, तिच्यासोबत ती पांढरी अर्धपारदर्शक बाटली आली, आणि मामांच्या शब्दांत सांगायचं तर झाकण उघडायचं कारणच संपलं. बॉनेट उचला, रेघ बघा, बॉनेट लावा.

ग्लॅमिसहून परत येताना मला हे सगळं नव्या नजरेने दिसलं. इम्पिरियल खोऱ्यातून इंटरस्टेट ८ पश्चिमेला चढायला लागतो तो इन-को-पाचा घाट. तिथे सरकारी पाट्या आहेत: गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. आणि रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर रेडिएटरसाठी पाणी ठेवलेलं असतं. आजच्या गाड्यांना ते क्वचित लागतं. पण मागे ट्रेलर, ट्रेलरवर दोन एटीव्ही, बाहेर जीव घेणारं ऊन, अशा वेळी ते पाणी बघून बरं वाटतं. आंबा घाटातल्या झऱ्याशी थांबणाऱ्या ड्रायव्हरांची आठवण मला तिथे दर वेळी येते.

मामांनी सांगितलं तसं केलं. एक स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घेतली, झाकणाला दोन भोकं पाडली, एकातून नळी तळापर्यंत सोडली, दुसरं हवेसाठी ठेवलं. हे दुसरं भोक विसरायचं नसतं, नाहीतर बाटलीच दाबाखाली येते. मार्करने रेघ मारली, रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, गल्लीतून गाडी चांगली तापवून आणली आणि उभी केली. बाटलीतलं पाणी रेघेच्या बोटभर वर चढलं. सकाळी पाहिलं तर तिथेच होतं. परत काहीच गेलं नव्हतं, आणि रेडिएटरमध्ये तेवढीच हवा होती.

म्हणजे दोष झाकणात. रेडिएटरच्या झाकणाला लोक नुसतं झाकण समजतात, पण त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब वाढला की बाहेर जाऊ देते. तिच्या मधोमध एक छोटी असते, ती आत ओढ बसली की उघडते आणि बाटलीतलं पाणी परत घेते. शिवाय झाकणाच्या वरच्या कडेखाली रबराची चकती असते, ती गळ्याला घट्ट बसली नाही तर ओढ नळीपर्यंत पुरेशी पोचत नाही, कडेवरूनही हवा आत येते. माझ्या झाकणाची ती चकती कडक होऊन तडकलेली होती. ज्याने बाटली काढली त्याच्या हे लक्षात येणं शक्यच नव्हतं. बाटली असती तर त्याला दिसलं असतं की पाणी जातं आणि परत येत नाही. नवं झाकण आणलं, जुन्यावर लिहिलेल्या दाबाचंच, आणि नळीही बदलली, कारण जुनी गळ्याशी सैल झाली होती. दुसऱ्या सकाळी पाणी रेघेवर परत आलेलं होतं. मामांना फोटो पाठवला.

दाब नीट धरणं हे नुसतं पाणी वाचवण्यापुरतं नसतं. ते निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. झाकणाने १.१ बारचा जादा दाब धरला की त्याचं उकळणं १२५ अंशांच्या पुढे जातं. तापलेल्या हेडच्या आत, ठिणगीच्या जागेच्या भोवती, हा फरकच इंजिन वाचवतो. तिथे वाफेचा किंवा हवेचा खिसा तयार झाला की धातूची उष्णता घ्यायला कोणी उरत नाही. टू-स्ट्रोकचा पिस्टन अशा वेळी सिलिंडरला धरतो. मामांच्या गॅरेजात धरलेले पिस्टन मी लहानपणी हातात घेऊन पाहिले आहेत, दोन्ही बाजूंना उभे ओरखडे असलेले.

झाकण बदलल्यावर काम संपलं असं वाटलं होतं. पण आता बाटली पारदर्शक होती आणि तिच्यात आणखी एक गोष्ट दिसायला लागली. गाडी थंड असताना किक मारली की थोड्याच वेळात नळीच्या टोकातून बुडबुडे यायचे. नवं पाणी भरल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच, अडकलेली हवा बाहेर पडत असते, आणि दोन-तीनदा तापून गार झालं की ते थांबतात. माझे थांबेनात. थ्रॉटल वाढवला की वाढायचे. पाणी अजून कोमट आणि बाटलीत बारीक बुडबुड्यांची अखंड माळ. हे हेड गॅसकेटचं लक्षण. जळणाऱ्या वायूचा दाब गॅसकेटच्या फटीतून पाण्याच्या खोलीत शिरतो आणि तिथून बाटलीत. म्हणूनच चढणीच्या दिवशी पाणी जास्त जात होतं. उन्हाचा त्यात थोडा वाटा होता, पण पाण्याला ढकलून बाहेर काढत होता तो हा वायू.

आता विचार करा, नळी वाळूवर उघडी असती तर हे कसं कळलं असतं? वाळूत ओलावा दिसला असता, आणि ओलाव्यावरून पाणी फुगून आलं की वायूने ढकललं हे ओळखता येत नाही. शेजाऱ्याने पुन्हा सांगितलं असतं की ती आपली पातळी शोधते आहे, आणि त्या दिवशी त्याचं खरं मानून मी पुढच्या टेकडीवर गेलो असतो. काटा नाही, दिवा नाही अशा गाडीत इंजिनाच्या आत काय चाललं आहे हे दाखवणारी एकच जागा असते, आणि लोक ती अर्ध्या किलोसाठी काढून टाकतात. पावणेदोनशे किलोची गाडी, वर ऐंशी-नव्वद किलोचा माणूस. या अर्ध्या किलोने वाळूत काय फरक पडतो हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

हेड काढलं. बॅन्शीच्या दोन्ही सिलिंडरवर मिळून एकच हेड असतं आणि ते लांबट असल्यामुळे जरा जास्त तापलं की मधून किंचित वाकतं. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर हेड आठच्या आकड्यात फिरवायचं, हे काम मी मामांच्या हाताखाली शाळेत असताना केलेलं आहे. घासल्यावर पृष्ठभागावर सगळीकडे सारखी चमक आली पाहिजे. माझ्या हेडवर दोन सिलिंडरच्या मधला पट्टा सुरुवातीला काळाच राहिला होता. तेवढाच खोल होता. तो चमकेपर्यंत घासलं, नवं गॅसकेट घातलं, नट टॉर्क रेंचने तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले. त्यानंतर बुडबुडे नाहीत.

पाण्याच्या बाटलीवर गाडी चालवायची नव्हती. ती तापून मऊ पडते. बाजारात बॅन्शीसाठी ॲल्युमिनियमच्या सुंदर बाटल्या मिळतात, पॉलिश केलेल्या, फ्रेमला क्लॅम्पने बसणाऱ्या. त्यांतल्या काहींना बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी असते. ती असेल तर बाटली चांगली. माझ्या पाहण्यात आलेल्या बऱ्याच बाटल्यांना ती नव्हती. आतलं दिसत नसेल तर अर्धं काम गेलंच. शिवाय काही बाटल्यांना नळी वरच्या बाजूला जोडायची सोय असते. अशी बाटली पाणी गोळा करते, परत देत नाही. नळी तळातून निघायला हवी किंवा तळापर्यंत बुडलेली हवी. मी शेवटी जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मूळची प्लॅस्टिकची बाटली आणली. पिवळी पडलेली आहे, पण दोन्ही रेघा स्वच्छ दिसतात. तिच्या कंसाखाली रबराचे बुश घातले, कारण टू-स्ट्रोकच्या थरथरीने प्लॅस्टिकचे कान तुटतात. बाटली फुटायचं मुख्य कारण मला पडण्यापेक्षा हेच वाटतं.

आता सांडलेल्या कूलंटबद्दल आणि कुत्र्यांबद्दल. ग्लॅमिसच्या तळांवर जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचं कुत्रं असतं आणि ती मोकळी फिरतात. कूलंटमधलं एथिलिन ग्लायकोल चवीला गोड असतं. कुत्री ते चाटतात, आणि थोड्याशा ग्लायकोलनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मांजरांना तर त्याहून कमी पुरतं. शेजाऱ्याची कुत्री एकदा त्याच्याच मोटरसायकलखाली ओली झालेली वाळू हुंगत होती. तो ज्या वेगाने धावला तसा धावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ओली वाळू त्याने फावड्याने पिशवीत भरली. आता तळावर गाडी उभी केली की तो नळीखाली तेलाचा ट्रे ठेवतो आणि रेडिएटरमध्ये प्रॉपिलिन ग्लायकोलचं कूलंट घालतो, जे त्या मानाने खूपच कमी विषारी असतं. मीही तेच घालायला लागलो आहे. सर्किटवरच्या मोटरसायकल शर्यतींत तर ग्लायकोल चालतच नाही, कारण सांडलं की डांबर घसरडं होतं आणि मागून येणारा पडतो. वाळूत कोणी घसरत नाही म्हणून आपण सांडायला मोकळे, असं नाही. ती जमीन सगळ्यांची आहे, आणि तिथे सरडे, कोल्हेही राहतात.

शेजाऱ्याने त्याच्या मोटरसायकलला बाटली लावलेली नाही आणि मी त्याला तसा आग्रहही केला नाही. त्याची गाडी जन्मतः बाटलीशिवाय आहे. तो चालवतो वीस-पंचवीस मिनिटं, मग थांबतो. प्रत्येक वेळी निघण्याआधी थंड रेडिएटरचं झाकण उघडून बोट घालून बघतो आणि गळ्याच्या खाली किती जागा सोडायची हे त्याच्या हाताला माहीत आहे. अशा माणसाला बाटलीची गरज नाही. पण बाटली काढणाऱ्यांपैकी किती जण रोज सकाळी झाकण उघडतात? शर्यतवाल्याची गाडी बघून बाटली काढायची आणि त्याची सवय मात्र घ्यायची नाही, याने इंजिनं जातात.

माझी बॅन्शी आता मुलगाही चालवतो. तो एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजातून दोन दिवसांसाठी येतो, आणि गाडीखाली वाकून बघण्यात त्याला रस नाही. बाटली नसती तर पाणी बघायला त्याला झाकण उघडावं लागलं असतं, आणि तेही माथ्यावर, मित्र थांबलेले असताना, इंजिन तापलेलं असताना. मामांनी दवाखान्यात नेलेली माणसं मला आठवतात. म्हणून त्याला एकच गोष्ट सांगितली आहे: चालू करण्याआधी आणि थांबल्यावर बाटलीकडे बघायचं. पाणी दोन रेघांच्या मध्ये असेल तर निघायचं. खालच्या रेघेच्या खाली गेलं किंवा बुडबुडे दिसले तर गाडी तिथेच उभी करून मला बोलवायचं. झाकणाला हात लावायचा नाही. "बाबा, हे मला जमेल," म्हणाला, आणि तो ते करतो.

काही जणांना माझं म्हणणं पटत नाही. त्यांनी काढायचीच असेल तर निदान एवढं करावं. झाकण आधी तपासून बदलावं. रेडिएटर गळ्यापर्यंत न भरता आतल्या नळ्यांची टोकं बुडतील इतकाच भरावा. उघड्या नळीचं तोंड वाळूपासून आणि सायलेन्सरपासून दूर, खाली वळवून ठेवावं, आणि तळावर तिच्याखाली काहीतरी ठेवावं. मुख्य म्हणजे काढण्याआधी एकदा पारदर्शक बाटली लावून गाडी तापवून बघावी, बुडबुडे येतात का, पाणी परत जातं का. ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय काढलेली बाटली म्हणजे न तपासलेलं इंजिन.

गेल्या आठवड्यात मामांना बसवलेल्या बाटलीचा व्हिडिओ पाठवला, गार इंजिनावर खालच्या रेघेशी आणि तापल्यावर वरच्या रेघेजवळ. त्यांनी तो गॅरेजातल्या पोरांना दाखवला. मग फोन आला. बाटलीचं झालं, आता पंपाचं सांग म्हणाले. त्या पंपाचा गिअर प्लॅस्टिकचा आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि प्लॅस्टिकच्या गिअरवर पाणी फिरवायचं हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. पुढच्या वेळी इंजिन उघडेन तेव्हा तो बदलून धातूचा घालावा की नाही, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.